आराशीची गोष्ट : पानांपासून कागदापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनासाठी जुने सामान आवरण्याचे काम आम्हां चौघांकडे सोपविण्यात आले होते. पत्र्याच्या एका ट्रंकेत नाटकातले दोन फेटे व आरतीच्या टाळांची एक जोडी निघाली, आणि सर्वांत खाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कामट्यांचा एक सांगाडा निघाला. त्यावरचा कागद केव्हाच विरून गेला होता. दोऱ्याच्या गाठी मात्र जागच्या जागी घट्ट होत्या. मदतीला आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने तो हातात फिरवून पाहिला आणि विचारले, "काका, हा पिंजरा कुणाचा?" तो आकाशकंदील आहे असे सांगताच ती क्षणभर थांबली व म्हणाली, "पण कंदील तर खोक्यातून येतो!"

आम्ही सारे हसलो खरे. परंतु घरी परतल्यावर ते वाक्य मनातून जाईना. मुलीचा त्यात काहीच दोष नव्हता. तिने कंदील होताना कधी पाहिलाच नव्हता, कारण तिच्या आईवडिलांनी तो कधी केला नव्हता, आणि त्यांनी केला नव्हता याचे कारण आमच्या पिढीने त्यांना कधी शेजारी बसवून शिकविले नव्हते. साखळीची एक कडी निसटली ती आमच्या हातून. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने घरगुती आराशीचा, म्हणजे चार पैशांत व दोन हातांनी होणाऱ्या सणासुदीच्या सजावटीचा, पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

आपल्या सणांची सर्वांत जुनी आरास पानाफुलांची. आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट, भाताच्या लोंब्या, फुलांच्या माळा, यांपैकी काहीही दुकानातून आणण्याची मूळची रीत नव्हती. ऋतू जे देईल ते दाराशी बांधावयाचे, एवढाच नियम. या रीतीचे आजही जिवंत असलेले सुंदर उदाहरण म्हणजे कोकण व गोव्यातील माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, काकड्या, आंबाडे यांच्या जोडीने कवंडळ, तेरडा, हरणे अशी रानातली फळेफुले बांधतात. माटोळी म्हणजे भाद्रपदातल्या रानाची एक सूचीच होय. ती बांधावयाची तर रानात जावे लागते, वेल ओळखावा लागतो, कोणते फळ कोठे मिळते हे ठाऊक असावे लागते. अशा घरातील मुलांना वनस्पतींची नावे पुस्तकावाचून येतात. आराशीबरोबर भाषाही हातातून हातात जाते, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

गोव्याने आणखी एक धडा दिला आहे. पोर्तुगीज अमदानीत १५६० साली तेथे धर्मसमीक्षण सभेची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना झाली व मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत तिचा अंमल चालला. त्या काळात हिंदूंच्या सणांवर व मूर्तिपूजेवर कडक निर्बंध होते. मातीची मूर्ती लपविणे कठीण; कागदावर काढलेला गणपती मात्र पेटीत, पोथीत, कोठेही राहू शकतो. गोव्यातील काही हिंदू घराण्यांत आजही मूर्तीऐवजी कागदावरील गणेशाचे किंवा पत्रीचे पूजन होते, आणि त्याचे मूळ त्या कठीण काळात असल्याचे परंपरा सांगते. सोन्यारुप्याची सजावट त्या प्रसंगी कामास आली नाही. एक ताव कागद आणि मूठभर पत्री कामास आली. स्वस्त वस्तूचा हा मोठाच गुण म्हणावा लागेल. ती लुटली जात नाही, ती सहज हलविता येते, आणि नष्ट झाली तर पुन्हा करता येते.

देशावरच्या घरांतून हीच वृत्ती चैत्रगौरीच्या आराशीत दिसे. अंगणात चैत्रांगण रेखाटावयाचे, झोपाळ्यात अन्नपूर्णा बसवावयाची, आणि तिच्यापुढे पायऱ्या मांडून त्यांवर घरातल्याच वस्तू नीटनेटक्या रचावयाच्या. कलिंगडाचे कातरलेले कमळ, करंज्या-लाडवांची ताटे, मुलांची लाकडी खेळणी, ठेवणीतली भांडी असा तो थाट. हळदीकुंकवास येणाऱ्या बायकांना कैरीची डाळ व पन्हे दिले, की वैभव पूर्ण झाले. आमच्यापैकी ज्यांना कर्नाटकात दीर्घकाळ राहण्याचा योग आला, त्यांना या पायऱ्या परक्या वाटल्या नाहीत. येथील नवरात्रातील 'गोंबे हब्ब', म्हणजे बाहुल्यांचा उत्सव, अशाच पायऱ्यांवर मांडतात. राजाराणीची लाकडी जोडी वरच्या पायरीवर, आणि खाली संसारातील सारे जग. मुलीच्या लग्नात ही जोडी तिला देण्याची येथे रीत आहे. सावंतवाडीची लाखेची खेळणी व बंगळूर-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टणची लाखेची खेळणी शेजारी शेजारी ठेविली, तर कोणती कोठली हे सांगताना जाणताही क्षणभर घोटाळेल.

कागदाच्या आराशीचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. महाराष्ट्रात हातकागद पूर्वीपासून होत असे. जुन्नरचा कागद व दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद दप्तरांसाठी प्रसिद्ध होता. परंतु हाती केलेला तो ताव मोलाचा. त्यावर हिशेब व पोथ्या लिहीत. कातरून झालरी करण्याची चैन सामान्य घरास परवडणारी नव्हती. यंत्रावरचा कागद आला आणि चित्र पालटले. पुण्याजवळ मुंढवे येथे १८८५ साली डेक्कन पेपर मिल सुरू झाली. परदेशी रंगीत कागदही बंदरांतून उतरू लागला. त्याच सुमारास छापील चित्रांनी घराच्या भिंती गाठल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्याचा मुद्रणालयाचा कारखाना १८९४ मध्ये मुंबईस निघाला व पुढे मळवलीस गेला. देवादिकांची चित्रे थोडक्या पैशांत मिळू लागली, तेव्हा घरोघरच्या बायकांनी त्यांवर जर, टिकल्या व मणी शिवून आपल्या हाताचे कसब ओतले. छापील लक्ष्मी हजारो घरांत एकच. जर लावलेली लक्ष्मी मात्र प्रत्येक घराची वेगळी.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले. त्याचा राजकीय इतिहास सर्वांस विदित आहे. घरगुती आराशीवर त्याचा परिणाम असा झाला, की गल्लीतला मांडव पाहून आलेली मुले घरच्या मखरासाठी हट्ट धरू लागली. गिरण्या व कचेऱ्यांच्या पगारावर चालणाऱ्या चाळीतल्या बिऱ्हाडात मखर कशाचे होणार? पुठ्ठ्याचे, कामट्यांचे, घोटीव कागदाचे, बेगडाचे. सिगारेटच्या पाकिटातील रुपेरी कागद वर्षभर साठवून त्याचे चांद-तारे कातरणारी मुले आमच्या बालपणीही होती. खळ घरीच शिजे. बुकबाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकीत; घरी नुसता मैदा आणि पाणी पुरे.

आकाशकंदिलाचे घराणे याहून जुने. कार्तिकात उंच खांबावर दिवा लावावा असे आकाशदीपाचे माहात्म्य धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले आहे. वाऱ्यापासून त्या दिव्याला जपण्यासाठी आडोसा हवा, आणि आडोशातून उजेड तर दिसला पाहिजे. या अडचणीतून कागदी कंदील सिद्ध झाला असे मानण्यास हरकत नाही. विजेचा दिवा आल्यावर त्याचे आयुष्य पालटले. कंदील पेटण्याची धास्ती गेली, आणि खांबावरून तो खिडकीत आला. ही वीज आपल्या बंगळुरास फार लवकर लाभली. शिवनसमुद्रम् येथील कावेरीच्या धबधब्यावरची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली आणि १९०५ साली तिने बंगळूरचे रस्ते उजळले.

बंगळूरचा उल्लेख आलाच आहे, तर येथील मराठी घरांनी स्वतःस अगदीच उपरे समजू नये याची दोन कारणे सांगून ठेवतो. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले हे शहर मातीच्या कोटाने वेढलेले होते. विजापूरच्या फौजेने १६३८ साली ते घेतल्यावर शहाजीराजांना त्याची जहागीर मिळाली, आणि जिजाबाईंसह बालशिवाजी काही काळ येथे येऊन राहिले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवालयास गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले व १६९० च्या सुमारास ते म्हैसूरकरांकडे गेले. तेव्हा येथील भोसल्यांचा अंमल अर्धशतकाचाच. हैदरअलीने १७६१ मध्ये किल्ला दगडी बांधविला आणि मातीचा कोट इतिहासजमा झाला.

मात्र मातीचा कोट येथे आजही उभा राहतो. दिवाळीत, मराठी बिऱ्हाडांच्या आवारात! चार विटा, एक गोणपाट, दोन घमेली माती, आणि वर अळीव पेरून उगविलेली हिरवळ. याहून स्वस्त सजावट शोधून सापडावयाची नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात व जिंजी हा बारावा तामिळनाडूत आहे. त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या वसाहतीतील मुलांनी जिंजी करावयाची ठरविली. बोम्मसंद्र्याची लाल माती, शिवाय तीन टेकड्यांचा किल्ला. बुरूज दोनदा ढासळला. तिसऱ्या खेपेस एका तामिळ कुटुंबातल्या मुलाने गोणपाट ओले करून लावण्याची युक्ती काढली. त्याच्या आजोळाहून जिंजी दूर नाही, हे त्या निमित्ताने सर्वांस कळले.

आमचे बोम्मसंद्रा हे होसूर रस्त्यावरील मूळचे खेडे. आज कारखाने, रुग्णालये व वसाहतींनी गजबजलेले. देशभरची माणसे येथे पोटामागे आली. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाल्यापासून शहर जवळ आले. आर. व्ही. रोड स्थानकावर हिरवी मार्गिका धरली, की कृष्णराजेंद्र मार्केटपर्यंत बसल्या जागी जाता येते. सणाच्या आदल्या दिवशी तेथे केळीचे खुंट, आंब्याची पाने व फुलांच्या राशी पाहाव्यात. 'चेंडु हूवु' म्हणून फूलवाली जे मोजून देते तो आपला झेंडू, आणि 'सेवंतिगे' म्हणजे शेवंती. त्यातही गंमत अशी, की दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. समुद्र ओलांडून आला आणि आपल्या तोरणात कायमचा बसला. बांबूकाम करणारे ते आपल्याकडे बुरूड, येथे मेदार. त्यांच्याकडे 'कामट्या' हा शब्द चालत नाही. परंतु बोटांनी माप दाखविले की काम होते. बदल्यांच्या नोकरीत गावोगाव फिरताना आम्हांस हा अनुभव वारंवार आला. ट्रंकेत मखर नेता येत नाही. पण मखर करण्याची हातोटी नेता येते, आणि सामान त्या त्या गावी मिळते.

मग हे सारे सुटले कसे? उत्तर पांढरे व हलके आहे. विस्तारित पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या बोलीतला थर्मोकोल, जर्मनीत १९५० च्या सुमारास तयार झाला. कातरण्यास सोपा, वजनास हलका, रंगविला की संगमरवराचा भास. एक महाल, दोन हंस व चार खांब असे तयार मखर दुकानात टांगलेले दिसू लागले, आणि घरोघरची खळ शिजावयाची थांबली. येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्हीही ओळीने कितीतरी वर्षे असे मखर आणले. काम वाचते, स्वच्छ दिसते, असे त्याचे समर्थनही केले. एका वर्षी विसर्जनानंतर ते मोडके मखर जवळच्या तळ्याकाठी टाकून आलो. पुढे कित्येक महिने, फिरावयास जाताना, त्याचे पांढरे दाणे पाण्याच्या कडेला तरंगताना दिसत. मूर्तीची माती पाण्यात विरून गेली होती. आमची आरास मात्र विरत नव्हती. बोम्मसंद्रा, सिंगसंद्रा अशा येथील गावांच्या नावांतील 'संद्र' हे 'समुद्र' म्हणजे मोठे तळे याचे रूप होय, असे एका वृद्ध कानडी शेजाऱ्यांनी आम्हांस पुढे सांगितले. ज्या गावाचे नावच तळ्यावरून पडले, तेथे आम्ही काय टाकून आलो, याची लाज त्या दिवशी वाटली.

महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंस मनाई केली, त्यांत सजावटीच्या थर्मोकोलचे नाव स्पष्ट आहे. कायद्याने वस्तू बंद होते; पण तिच्यापायी विसरलेली विद्या कायद्याने परत येत नाही. थर्मोकोलची जागा आता खोक्यातल्या, घडीच्या, दिव्यांसह मिळणाऱ्या तयार सजावटीने घेतली आहे. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत हाताचे कंदील अद्याप दिवाळीला ओळीने लागतात, ही समाधानाची गोष्ट. परंतु विकत घेणाऱ्याच्या घरी त्या कंदिलाबरोबर कामट्यांची भाषा जात नाही.

म्हणून ट्रंकेतला तो सांगाडा आम्ही मेजावर ठेविला आणि त्याचा हिशेब मांडला. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चार बांधून सहा चौकोन. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि मधले चार कोनावर उभे. कोनाला कोन बांधीत गेले, की चौकोनांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप उमटतात. ते कोणी करावे लागत नाहीत. भूमितीचा हा चमत्कार पाहून मुले हरखतात. मग पतंगी कागद, चौकोनांना एक रंग व त्रिकोणांना दुसरा. वरचा व खालचा चौकोन उघडा. वरून दिवा सोडावयाचा, खाली झिरमिळ्या चिकटवावयाच्या. कागद किंचित सैल राहिला तर वाळताना खळ त्याला ताणून घेते. सारा खर्च शंभर रुपयांच्या आत, आणि वेळ मात्र एक दुपार. ही दुपार हाच त्यातला खरा खर्च आहे, व तोच वाचविण्यासाठी आम्ही सारे दुकानात गेलो होतो.

प्रदर्शनाआधीच्या रविवारी मंडळात एक लहानसा वर्ग भरविला. अकरा मुले व त्यांचे आईवडील आले. वडीलधाऱ्यांचे हात मुलांहून अधिक अडखळत होते, हे नमूद करावयास हवे. 'कामटी', 'खळ', 'झिरमिळी', 'बेगड', 'ताव' हे शब्द त्या दुपारी कोणी फळ्यावर लिहिले नाहीत. "खळ इकडे सरकव", "झिरमिळी उलटी लागली" असे म्हणताच ते मुलांच्या तोंडी बसले. घरी इंग्रजीत उत्तर देणारी मुले कामात गुंतल्यावर मराठीत भांडू लागली. भाषेच्या चिंतेवर भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत, काही केलीही आहेत. त्या भाषणांनी जे झाले नाही ते वाटीभर खळीने झाले.

मंडळाच्या पुढील कार्यकारिणीस आमची एकच विनंती आहे. दरवर्षी दिवाळीपूर्वीचा एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी मुलांबरोबर पालकांनीही बसावे. सामान मार्केटातून एकत्र आणले तर प्रत्येकी फारच थोडे पडते. बक्षिसे ठेवू नयेत. नाहीतर आई-वडीलच कंदील करू लागतील.

ट्रंकेतल्या सांगाड्यावर नवा कागद चढवून तो प्रदर्शनाच्या दारात लाविला आहे. येणाऱ्यांनी अवश्य पाहावा. तो 'पिंजरा' म्हणणाऱ्या मुलीने केलेला कंदील एका बाजूस किंचित कललेला होता. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. तिच्या गॅलरीतला कंदील पाहून खालच्या मजल्यावरील कानडी मैत्रिणीने तसाच एक मागितला होता. "मी तिला शिकवणार आहे," ती म्हणाली, "पण काका, खळीला कन्नडमध्ये काय म्हणतात?" आम्हांस ते ठाऊक नव्हते. दोघी मिळून शोधा, असे सांगून आम्ही उरलेल्या चोवीस कामट्या तिच्या हाती दिल्या.